चित्रदर्शन : स्कॉटलंडचा फुटबॉल आणि आपण

ज्या खेळाच्या एका सामन्यावर आज पृथ्वीवरील कोट्यवधि माणसांचे डोळे एकाच क्षणीं खिळून राहतात, त्या खेळाच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्याचें एकही छायाचित्र उपलब्ध नाहीं, हें वाचून आमच्या वाचकांस नवल वाटेल. ता. ३० नोव्हेंबर १८७२ रोजीं, म्हणजे स्कॉटलंडचा संरक्षक संत अँड्र्यू याच्या सणाच्या दिवशीं, ग्लासगोला लागून असलेल्या पार्टिक येथील एका क्रिकेटच्या मैदानावर स्कॉटलंड व इंग्लंड यांचे संघ समोरासमोर आले. सुमारें चार हजार प्रेक्षक जमले होते. स्कॉटलंडचे अकराही गडी क्वीन्स पार्क या एकाच मंडळाचे होते. दीड तास धांवपळ होऊन एकही गोल झाला नाहीं आणि सामना बरोबरींत सुटला. छायाचित्रकार आपलें सामान घेऊन हजर होता, असें सांगतात. परंतु चित्राच्या प्रती खेळाडू विकत घेतील अशी हमी त्यास हवी होती. ती कोणी देईना. तेव्हां तो बिचारा आपली तिकाटणी उचलून चालता झाला. रालस्टन नांवाच्या चित्रकारानें हातानें काढलेलीं कांहीं रेखाचित्रें 'ग्राफिक' साप्ताहिकांत छापून आलीं, तेवढाच काय तो त्या दिवसाचा चित्ररूप पुरावा.

त्या छायाचित्रकारावर रागवावें कीं खेळाडूंवर, हें आम्हांस अद्यापि ठरवितां आलेलें नाहीं. त्या काळीं काचेवर रसायनाचा ओला लेप चढवावयाचा, तो वाळण्यापूर्वीं चित्र घ्यावयाचें आणि तेथल्या तेथेंच अंधाऱ्या तंबूंत तें धुवावयाचें, असा सारा खटाटोप असे. तो पोटार्थी मनुष्य फुकट कां करील ? खेळाडू तरुण होते. शनिवारची दुपार खेळून घरीं जावयाचें, एवढेंच त्यांच्या मनांत असणार.

यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यांत जन्म घालवलेल्या एका शाळामास्तरानें स्कॉटलंडच्या फुटबॉलवर लिहावें, हें कोणास चमत्कारिक वाटेल. आमचा विषय रघुवंश आणि अमरकोश. फुटबॉल आम्हीं लहानपणीं अनवाणी खेळलों, तेवढाच आमचा अधिकार. तथापि जुनीं छायाचित्रें हा आमचा उतारवयांतला छंद आहे. त्या छंदापायीं देशोदेशींचे संग्रह चाळतांना स्कॉटलंडच्या फुटबॉलाचीं जुनीं चित्रें हातीं आलीं आणि त्यांतून निघालेला धागा थेट सिमला, मुंबई, कोल्हापूर असा करीत आमच्या जिल्ह्यापर्यंत येऊन पोंचला. तो धागा वाचकांपुढें उलगडावा एवढाच या लेखाचा हेतु.

स्कॉटलंडनें या खेळास काय दिलें, हें प्रथम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. खेळाचे नियम इंग्लंडांत १८६३ सालीं बांधले गेले. परंतु त्या वेळचा इंग्रज गडी चेंडू पायाशीं आला कीं मान खालीं घालून एकटाच पुढें धांवे. आडवा येईल त्याला खांद्यानें लोटी. क्वीन्स पार्क मंडळ १८६७ सालीं निघालें. त्याच्या गड्यांनीं चेंडू एकमेकांस देत देत पुढें नेण्याची रीत वाढविली. आज ज्यास 'पासिंग' म्हणतात तें सर्वांगसुंदर रूपांत प्रथम येथें दिसलें. एकट्याच्या पराक्रमापेक्षां अकरांचें मन एक होणें मोठें, ही गोष्ट स्कॉटिश लोकांनीं जगास शिकविली. पुढें इंग्रजी मंडळें पैसे मोजून स्कॉटिश गडी नेऊं लागलीं. हे शिकविणारे लोक इंग्लंडांत 'स्कॉच प्रोफेसर' या टोपण नांवानें ओळखले जात. आम्हां मास्तरांस या पदवीचा थोडा हेवा वाटतो !

आतां त्या काळचीं संघचित्रें पाहा. सर्वांची ठेवण एकच. मागें उभी ओळ, मध्यें खुर्च्यांवर बसलेले, पुढें जमिनीवर मांडी घातलेले, हात छातीवर बांधलेले, मिशा पिळदार, डोक्यावर कधीं झुबकेदार टोपी. मध्यभागीं चेंडू, आणि त्यावर खडूनें लिहिलेलें साल. पळणारा गडी, हवेंतला चेंडू, असें कांहीं दिसावयाचें नाहीं. कारण जुन्या कॅमेऱ्यास चपळ वस्तु पकडतां येत नसे. म्हणून जगांतील सर्वांत चंचल खेळाचीं चित्रें हीं सर्वांत निश्चल ! आमच्या घरांतील मुंजी-लग्नांचीं जुनीं चित्रें काढून पाहावीं. हीच शिस्त, हीच ताठ मान, आणि मध्यें चेंडूच्या ठिकाणीं बहुधा एखादें रडवेलें मूल.

अशाच एका निश्चल चित्रानें शंभर वर्षें एक गोष्ट उघड दाखवीत ठेवली होती आणि ती कोणी पाहिलीच नाहीं. अँड्र्यू वॉटसन या गड्याची ती कथा. दक्षिण अमेरिकेंतील ब्रिटिश गियानांत १८५६ सालीं त्याचा जन्म झाला. बाप स्कॉटिश, आई कृष्णवर्णी. शिक्षणासाठीं तो विलायतेस आला, ग्लासगोंत राहिला, क्वीन्स पार्कचा आधारस्तंभ झाला. ता. १२ मार्च १८८१ रोजीं लंडनच्या ओव्हल मैदानावर स्कॉटलंडनें इंग्लंडचा सहा विरुद्ध एक असा धुव्वा उडविला, त्या दिवशीं स्कॉटलंडचा कर्णधार हाच होता. स्कॉटलंडतर्फे तो तीन सामने खेळला, तिन्ही जिंकले. संघचित्रांत गोऱ्या चेहऱ्यांच्या ओळींत त्याचा सांवळा चेहरा स्पष्ट दिसतो. तरीही जगांतील पहिला कृष्णवर्णी फुटबॉलपटु म्हणून पुस्तकांतून दशकानुदशकें दुसऱ्याच एका गड्याचें नांव छापलें जात होतें. १९२१ सालीं लंडनांत वॉटसन वारला, तो जवळजवळ विस्मृतींतच. एकविसाव्या शतकाच्या सुमारास अभ्यासकांनीं जुन्या यादींतील नांव आणि चित्रांतील चेहरा यांची गांठ घालून दिली, तेव्हां त्याचें स्थान त्यास परत मिळालें. नांव एकीकडे पडलें होतें आणि चेहरा दुसरीकडे. मध्यें शंभर वर्षें.

स्कॉटलंडांत अशीं चित्रें जपणारे लोक पुष्कळ आहेत. हॅम्पडन पार्क या प्रसिद्ध क्रीडांगणांत फुटबॉलचें स्वतंत्र वस्तुसंग्रहालय आहे. त्याच मैदानावर एप्रिल १९३७ मध्यें इंग्लंडविरुद्धच्या सामन्यास सुमारें दीड लाख माणसें लोटलीं होतीं. त्या गर्दीचें चित्र पाहावें; क्षितिजापर्यंत चपट्या टोप्याच टोप्या ! जहाजांच्या गोद्यांतून आणि कोळशाच्या खाणींतून सुटलेला मजूर आठवड्याचें दुःख तेथें ओरडून मोकळें करी.

गर्दीच्या त्या चित्रापेक्षां आमचें मन दुसऱ्याच एका ठिकाणीं अधिक गुंतलें. थर्ड लॅनार्क नांवाचें एक मंडळ ग्लासगोंत होतें. १८७२ सालीं स्वयंसेवक सैनिकांच्या एका तुकडींतून तें निघालें. १९०४ मध्यें तें स्कॉटलंडच्या साखळी स्पर्धेंत पहिलें आलें. त्यानें स्कॉटिश कपही दोनदां जिंकला. पुढें दिवस फिरले. कर्ज आणि गैरकारभार यांनीं तें पोखरलें. आणि १९६७ सालीं तें कायमचें बंद झालें. त्याच वर्षीं त्याच शहरांतील सेल्टिक मंडळानें लिस्बन येथें युरोपचा चषक जिंकला. एका गल्लींत मिरवणूक आणि दुसरींत सुतक, असें तें वर्ष ! थर्ड लॅनार्कचें कॅथकिन पार्क हें मैदान मात्र आजही सार्वजनिक बाग म्हणून शिल्लक आहे. प्रेक्षकांच्या उभें राहण्याच्या पायऱ्या तशाच आहेत आणि त्या पायऱ्यांमधून मोठालीं झाडें उगवलीं आहेत. त्याचीं आजचीं चित्रें पाहतांना आम्हांस यवतमाळ-मूर्तिजापूर या आपल्या अरुंद रुळांच्या 'शकुंतला' गाडीची आठवण झाली. तिच्याही स्थानकांवर आतां गाडी येत नाहीं, गवत येतें.

एडिंबरो येथील हार्ट्स मंडळाची हकीकत याहून करुण. १९१४ च्या हिंवाळ्यांत हा संघ साखळी स्पर्धेंत सर्वांच्या पुढें होता. महायुद्ध पेटलें होतें. त्या नोव्हेंबरांत संघाच्या गड्यांनीं एकत्र जाऊन सैन्यांत नांवें नोंदविलीं. त्यांतील सात जण परत आले नाहींत. त्या शहरांत त्यांचें स्मारक उभें आहे आणि दर वर्षीं तेथें लोक जमतात.

सैनिकांचा विषय निघालाच आहे, तर आतां हिंदुस्थानाकडे वळूं; कारण फुटबॉल आपल्या देशीं आला तो बराचसा सैनिकांच्या पायांनींच आला. हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव सर मॉर्टिमर ड्युरँड यांनीं १८८८ सालीं सिमल्याच्या डोंगराळ मुलखांत आपल्या नांवाची स्पर्धा सुरू केली. अफगाणिस्तानच्या सीमेची जी 'ड्युरँड रेषा', तिचे कर्ते तेच हे. पहिल्या अंतिम सामन्यांत रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्सनीं हायलँड लाइट इन्फंट्रीला हरविलें; दोन्ही पलटणी स्कॉटिश. पुढें १८८९ व १८९० मध्यें हायलँड लाइट इन्फंट्री, १८९१ व १८९२ मध्यें स्कॉटिश बॉर्डरर्स, आणि १८९३ ते १८९५ पुनः हायलँड लाइट इन्फंट्री. म्हणजे पहिलीं आठही वर्षें हा चषक स्कॉटिश पलटणींच्या बाहेर गेला नाहीं. लागोपाठ तीनदां जिंकणाऱ्यास चषक कायमचा मिळे. त्या नियमानें पहिला चषक हायलँड लाइट इन्फंट्री घेऊन गेली आणि दुसरा, १८९७ ते १८९९ अशीं तीन वर्षें जिंकून, ब्लॅक वॉच ही चौथी स्कॉटिश पलटण. ड्युरँडसाहेबांस तिसरा चषक द्यावा लागला ! ही स्पर्धा आजही चालू आहे आणि आशियांतील सर्वांत जुनी म्हणून तिची ख्याति आहे.

आपल्या मुंबईस रोव्हर्स कप १८९१ सालीं सुरू झाला. पहिल्या वर्षीं वूस्टरशायर रेजिमेंट विजयी झाली. कूपरेजच्या मैदानावर त्याचे सामने रंगत. सेहेचाळीस वर्षें हा चषक गोऱ्या पलटणींच्याच हातांत फिरत राहिला. १९२३ मध्यें कलकत्त्याचा मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत आला आणि हरला. १९३७ मध्यें बंगलोर मुस्लिम्स हा संघ तो जिंकणारा पहिला हिंदी संघ ठरला. हा चषक चालू शतकाच्या आरंभीं बंद पडला, ही मुंबईस शोभणारी गोष्ट नव्हे.

आमच्या वऱ्हाड-नागपुराकडे स्कॉटलंडचें नांव फुटबॉलामुळें नव्हे, तर शिक्षणामुळें परिचित झालें. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ च्या सुमारास नागपुरास आला. त्यानें शाळा काढली, दगडांतील प्राचीन वनस्पतींचे अवशेष हुडकले आणि १८६३ सालीं पुराच्या पाण्यांत बुडून तो मेला. त्याच्या नांवाचें कॉलेज १८८३ सालीं निघालें. १९२३ मध्यें अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज उघडेपर्यंत यवतमाळच्या मुलास पुढें शिकावयाचें तर नागपूर गांठण्यावांचून सोईचा मार्ग नसे. नागपुराजवळ कामठी येथें १८२१ पासून छावणी. आणि छावणीच्या गांवीं फुटबॉल मूळ धरतो, हा देशभरचा अनुभव. कामठीच्या रब्बानी क्लबचें नांव विदर्भांतील फुटबॉल जाणणाऱ्यास सांगावयास नको.

आतां दोन चित्रें वाचकांनीं मनापुढें आणावीं. पहिलें कलकत्त्याचें, १९११ सालचें. त्या वर्षीं २९ जुलैस मोहन बागाननें ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला दोन विरुद्ध एक असें हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. त्या विजयी संघांतील दहा गडी अनवाणी खेळले. एकाच्याच पायांत बूट होते. त्या अकरा जणांचीं नांवें बंगालांत आजही मुखोद्गत आहेत. दुसरें चित्र ग्लासगोचें, १९३६ सालचें. त्यांत कलकत्त्याचा मोहम्मद सलीम हा गडी बसला आहे आणि सेल्टिक मंडळाचा एकेकाळचा नामांकित खेळाडू जिमी मॅक्मेनेमी खालीं वांकून त्याच्या पायांस पट्ट्या बांधतो आहे. सलीमला बुटांची संवय नव्हती. विली मेली हे सेल्टिकचे व्यवस्थापक जुन्या वळणाचे, परंतु त्यांनीं त्यास अनवाणी खेळूं दिलें. सेल्टिकच्या दुय्यम संघांतून तो दोन सामने खेळला. लोक त्याच्या पायांची जादू पाहून थक्क झाले. पण घरच्या ओढीनें त्याचें मन तेथें रमेना आणि तो परत आला.

गोरा मनुष्य एका हिंदी माणसाच्या पायाशीं बसला आहे, आणि तेंही १९३६ सालीं ! हें चित्र पाहून आम्ही बराच वेळ स्तब्ध बसलों. सलीमच्या मुलानें पुढें सांगितलेली एक हकीकत अशी कीं, वडील म्हातारपणीं आजारी असतां त्यानें सेल्टिकला पत्र घातलें. पैशांची गरज म्हणून नव्हे. तेथें वडिलांचें नांव कोणास आठवतें काय, हें पाहावें म्हणून. उत्तर आलें आणि सोबत शंभर पौंडांची हुंडीही आली. मुलानें ती वटविली नाहीं, जपून ठेविली. १९८० सालीं सलीम वारला.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें स्वतंत्र हिंदुस्थानचे गडीही बरेचसे अनवाणीच उतरले आणि फ्रान्सशीं दोन विरुद्ध एक असे हरले. तेव्हां या अनवाणी पायांची जगांत चर्चा झाली. आमच्याकडे मात्र तें कौतुक नव्हतें. ती रीतच होती.

महाराष्ट्रांत स्कॉटलंडशीं तोलावा असा फुटबॉलचा गांव कोणता, असें विचारल्यास आमचें उत्तर कोल्हापूर. तेथें गंमत अशी कीं, फुटबॉलच्या मंडळांचीं नांवें तालमींचीं आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. जेथें लाल मातींत कुस्ती चाले, तेथलींच पोरें चेंडूमागें धांवूं लागलीं. १९४० सालीं छत्रपति राजाराम महाराजांच्या आश्रयानें कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. ग्लासगोंत रेंजर्स आणि सेल्टिक यांचा उभा दावा. कोल्हापुरांत मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ. शाहू स्टेडियमवर सामना असला कीं त्या दिवशीं पेठेंतल्या सुनेनें माहेरच्या पेठेचें नांव काढूं नये, असें एका कोल्हापूरकर स्नेह्यानें आम्हांस हंसत सांगितलें. ग्लासगोंतील भांडणास मात्र धर्माची कडू किनार आहे आणि त्यापायीं तेथें रक्तही सांडलें आहे. कोल्हापूरकरांनीं आपलें भांडण पेठेपुरतेंच ठेवलें, हें त्यांचें शहाणपण. २०१७ मध्यें सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतांत झाली, तेव्हां भारताच्या संघांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तालमींच्या भिंतींवर मल्लांशेजारीं फुटबॉल संघांचीं जुनीं चित्रेंही लटकलेलीं असतात आणि पेठेंतला म्हातारा त्यांतला एकेक चेहरा ओळखून सांगतो. कोल्हापूरचें खरें वैभव तेंच.

आमच्या जिल्ह्यांत असें वैभव नव्हतें. परंतु खेळ होता. काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसाळ्यांत पाय धरून ठेवते. मधले चार महिने काय तो खेळ. लहान मुलें चिंध्यांत सरकीसकट कापूस कोंबून, वरून सुतळी गुंडाळून चेंडू करीत. तो उसळी घेत नसे, पण पायास लागत नसे. शाळेचा खरा चेंडू चामड्याचा. आंत रबराचा ब्लॅडर, वर तोंड आवळणारी चामड्याची वादी. ती वादी कपाळास लागली तर वळ उठे, आणि चेंडू भिजला म्हणजे धोंड्यासारखा जड होई. हे चेंडू पूर्वीं सियालकोटहून येत; फाळणीनंतर तेथील कारागीर जालंधरास आले आणि मग जालंधरचे चेंडू येऊं लागले. ब्लॅडरचें पंक्चर सायकलवाल्याकडून काढून आणणें, हें कर्णधाराचें पहिलें कर्तव्य.

अशाच एका शाळेंतील एक संघचित्र कांहीं काळापूर्वीं आमच्या पाहण्यांत आलें. शाळेचें नांव येथें देत नाहीं. अशी दशा सर्वत्रच आहे. छपराच्या दुरुस्तीसाठीं भिंतीवरच्या चौकटी उतरवल्या, तेव्हां ती निघाली. मागील बाजूस वाळवी लागली होती. चित्राखालच्या पुठ्ठ्यावर सुंदर बोरूच्या अक्षरांत नांवें लिहिलेलीं होतीं. पैकीं 'बसलेले' ही ओळ शाबूत होती. तींत हेडमास्तर, कवायतीचे मास्तर आणि चषक देणारे एक गृहस्थ. 'उभे' आणि 'खालीं' या दोन ओळी वाळवीनें खाल्ल्या होत्या. म्हणजे जे खेळले नाहींत त्यांचीं नांवें राहिलीं, आणि जे खेळले त्यांचीं गेलीं ! चेंडूवर खडूनें साल लिहिलेलें. त्यांतले '१९५' एवढेच आंकडे वाचतां येतात, शेवटचा पुसट.

या प्रसंगीं आम्हांस भवभूतीची आठवण न झाली तर आमचें संस्कृत व्यर्थच म्हणावें. भवभूति हा विदर्भांतील पद्मपूरचा, म.म. वा. वि. मिराशी यांनीं तें आमगांवजवळचें पदमपूर होय असें प्रतिपादिलें आहे. त्याच्या 'उत्तररामचरित' नाटकाच्या पहिल्या अंकांत चित्रदर्शनाचा प्रसंग आहे. राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याचीं रंगविलेलीं चित्रें पाहत आहेत. लक्ष्मण एकेक आकृति दाखवून सांगतो : या आपण, ही मांडवी, ही श्रुतकीर्ति. आणि एका आकृतीवरून त्याचें बोट नुसतेंच पुढें सरकतें. सीता हंसून विचारते, ही आणखी एक कोण बरें ? ती असते ऊर्मिला, लक्ष्मणाची स्वतःची पत्नी. लाजेनें त्यानें तिचें नांव घेतलें नाहीं, आणि तो घाईनें परशुरामाचें चित्र दाखवूं लागतो. वर्गांत हा भाग शिकवितांना आम्ही विनोद म्हणून सांगत असूं. आतां वाटतें, कवीनें त्यांत केवळ विनोदच पाहिला असेल काय ? ज्याला नांव ठाऊक आहे तोच सांगत नाहीं, आणि विचारणारें कोणी नसेल तर ती आकृति तशीच राहणार.

म्हणून आम्हीं विचारावयास सुरुवात केली. आमच्या पुतण्याच्या मुलीनें त्या चित्राची भ्रमणध्वनीवर नक्कल घेतली आणि चेहरे मोठे करून कागदावर छापून दिले. ते कागद घेऊन आम्ही जुन्या लोकांकडे हिंडलों. पहिल्याच घरीं उशीर झाला. ज्यांस चित्रांतील बहुतेक सर्व ठाऊक होते, असे एक गृहस्थ आधल्याच महिन्यांत निवर्तले होते. त्यांच्या चिरंजीवांनीं चहा दिला आणि म्हटलें, "बाबा या चित्राबद्दल पुष्कळ बोलायचे हो, पण आम्हीं कधीं कान देऊन ऐकलें नाहीं."

दुसऱ्या एका घरीं ऐंशी उलटलेल्या एका आजीबाईंनीं कागद हातांत घेतला, चष्मा पुसला आणि खालच्या ओळींतल्या मुलावर बोट ठेविलें. "गुरुजी, हा आमचा दादा. पण अंगांतला सदरा त्याचा नाहीं हो, बाबांचा आहे. फोटोसाठीं मागून नेला होता. बाह्या दुमडल्या आहेत पाहा." आम्हीं भिंग लावून पाहिलें; बाह्या खरेंच दुमडलेल्या होत्या. दादा पुढें फार जगला नाहीं. घरांत त्याचें दुसरें चित्र नव्हतें. आजीबाईंनीं तो कागद परत दिला नाहीं आणि आम्हींही मागितला नाहीं.

याप्रमाणें हिंडतां हिंडतां अकरांपैकीं नऊ नांवें लागलीं. कोणी तलाठी झाला होता, कोणी नागपुरास वकील, एक जण आयुष्यभर जिनांत सरकीचीं पोतीं मोजत राहिला. दहाव्या मुलाचीं दोन निरनिराळीं नांवें चार म्हाताऱ्यांनीं सांगितलीं आणि त्यावरून त्यांच्यांत चांगलीच जुंपली. तीं दोन्ही आम्हीं लिहून ठेविलीं आहेत.

ज्यांच्या घरीं असे फोटो असतील त्यांच्यासाठीं अनुभवाचे चार शब्द. नांवें फोटोच्या पाठीवर मऊ शिशाच्या पेन्सिलीनें, हलक्या हातानें लिहावीं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो आणि शाई कालांतरानें झिरपते. चिकटपट्टी कदापि लावूं नये. लांकडी पाठ असलेली चौकट पावसाळ्यांत ओलीच्या भिंतीवर ठेवूं नये. वाळवी तेथूनच शिरते. "काका" किंवा "दादा" एवढेंच न लिहितां पूर्ण नांव, गांव आणि अंदाजी साल लिहावें, कारण आपला काका पुढच्या पिढीचा कोण, हें त्या पिढीस कळावयाचें नाहीं. आणि घरांतल्या बायकांस अवश्य विचारावें. पुरुषांस सामन्याचा निकाल आठवतो. सदरा कोणाचा होता, हें त्यांस आठवत नाहीं.

तें चित्र नव्या पुठ्ठ्यावर चढवून शाळेंत पुनः लाविलें आहे. खालीं तिन्ही ओळी नव्यानें लिहिल्या. मागच्या ओळींत डावीकडून चौथा मुलगा उभा आहे. उंच, सडपातळ, घोट्यास पट्टी बांधलेली, आणि साऱ्या संघांत तोच एक किंचित् हंसतो आहे. त्यास अद्यापि कोणी ओळखलेलें नाहीं. त्याची जागा आम्हीं कोरी सोडली असून चौकटीशेजारीं एक पेन्सिल सुतळीनें बांधून टांगली आहे.